सासूबाईंची वही आणि शेअरबाजार

या महिन्यात पत्रं भरपूर आली आणि निम्मी म्हातारपणाबद्दल होती. कुणाला त्यातून पैसा कमवायचा आहे, कुणाला आहे तो वाचवायचा आहे. चार पत्रं घेतली आहेत. पहिल्यालाच बरीच जागा गेली, बाकीच्यांनी राग मानू नये. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी चौतीस वर्षं सरकारी बँकेत होते, त्यातली शेवटची नऊ पेन्शनच्या काउंटरवर. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे नोंदणी असलेली सल्लागार मी नाही, म्हणून कुठल्याही शेअरचं किंवा फंडाचं नाव इथे निघणार नाही. नाव मागणारी पत्रं मी वाचते आणि फाइलला लावते.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा, नागपुरात मनीषनगरला राहतो, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. आईबाबा खामल्यात असतात. एका व्हिडिओत सांगत होते, की २०५० पर्यंत भारतात दर पाच माणसांत एक साठीपुढचा असेल, म्हणून हॉस्पिटल, औषधं, पॅथॉलॉजी यांचे शेअर आज घ्या आणि वीस वर्षं विसरून जा. माझ्याकडे सहा लाख मोकळे आहेत. हा आकडा खरा आहे का? आणि असे बदल कुठे पैसा घेऊन येणार हे आधी कसं ओळखायचं?

उत्तर : आकडा खरा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ साली भारतावर अहवाल काढला. त्यात २०२२ साली साठीपुढचे साडेदहा टक्के आणि २०५० साली जवळपास २१ टक्के असा हिशेब आहे. डोकी मोजली तर १५ कोटींवरून ३५ कोटींच्या घरात. त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते व्हिडिओवाल्याच्या 'म्हणून' या शब्दाशी.

माझ्या सासूबाई ८८ व्या वर्षी गेल्या. शेवटचे चौदा महिने त्या आमच्या प्रतापनगरच्या घरी अंथरुणाला खिळून होत्या. बँकेतली सवय सुटत नाही, म्हणून मी एक लाल पुठ्ठ्याची वही केली होती आणि त्यात रोजचा खर्च लिहायचे. तुमचं पत्र आलं त्या दिवशी ती माळ्यावरून काढली. एक साधारण महिना असा आहे : दिवसाच्या बाईचे रोज साडेपाचशेप्रमाणे साडेसोळा हजार. डोक्याकडून वरखाली होणारा पलंग, भाडं अडीच हजार. डायपर बत्तीसशे. फिजिओथेरपीच्या आठ खेपा, त्याही बत्तीसशे. बीपी, थायरॉईड आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या अकराशे चाळीस, त्याही जनऔषधी केंद्रातल्या. रक्ततपासणीचे चारशे. एकूण सत्तावीस हजारांना साठ रुपये कमी.

आता या पानाकडे गुंतवणूकदाराच्या नजरेने बघा. शंभर रुपयांतले साठ कुणाला गेले? उमरेडहून सकाळच्या बसने येणाऱ्या बाईला. ती कुठल्याच शेअरबाजारात नोंदलेली नाही. तिला पाठवणारा ब्युरो म्हणजे एक टेबल, दोन मोबाइल आणि एक जाडजूड डायरी. पलंगवाला एकटा दुकानदार. फिजिओथेरपिस्ट पोरगी स्कूटीवर यायची. आणि ज्या औषध कंपन्यांसाठी तुम्हाला सहा लाख टाकायला सांगितलंय, त्या सगळ्यांच्या वाट्याला मिळून आमच्या शंभरातले चार रुपये!

हे असं का होतं? म्हातारपणी रोज लागणारी औषधं बहुतेक जुनी असतात. त्यांची पेटंटं कधीच संपली आहेत, बनवणारे ढीगभर आहेत, आणि आवश्यक औषधांच्या यादीतल्या गोळ्यांची कमाल किंमत २०१३ च्या आदेशाप्रमाणे सरकार ठरवतं. गोळ्या खाणारे दुप्पट झाले म्हणजे गोळ्या विकणाऱ्याचा नफाही दुप्पट होईल, असं म्हणूनच होत नाही. डायपरचंही तेच. ते बनवणारी कंपनी साबण, शाम्पू, अजून दहा गोष्टी विकत असते. म्हाताऱ्यांमुळे डायपरचा धंदा तिप्पट झाला तरी तिच्या एकूण विक्रीत तो मिठाएवढाच. म्हणून कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल उघडलात तर आधी एवढंच शोधा, की ज्येष्ठांमुळे येणारा धंदा एकूण विक्रीत किती आहे. तो आकडाच दिलेला नसेल तर अहवाल मिटून ठेवा.

माझी वही हा काही देशाचा ताळेबंद नाही, हेही कबूल. सासूबाई हॉस्पिटलात एकदाच, सहा दिवस राहिल्या. ज्याचे आईवडील महिनाभर अतिदक्षता विभागात होते त्याच्या वहीत हॉस्पिटलच पहिल्या ओळीत असेल.

तिथेही एक गोम आहे. आमच्या ह्यांचा गुडघा २०१८ साली बदलला. त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्याची कमाल किंमत बांधून दिली होती. नेहमी वापरतात तो कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये, वर कर. पूर्वी त्याच सांध्यावर छापील किंमत दीड लाखाच्या पुढे असायची. त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटचं असंच झालं होतं, औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० ला आला. आम्ही घरी संत्रा बर्फी वाटली. पण 'म्हातारे वाढणार, गुडघे झिजणार' असा बिनचूक विचार करून सांधे बनवणाऱ्या धंद्यात पैसे घातलेल्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं असेल, विचार करा. त्याचा अंदाज चुकला नव्हता. जिथे म्हाताऱ्यांची रांग लांब, तिथे मतंही भरपूर, आणि मग सरकारची नजर जातेच. बिलात सांध्याखाली ज्या बाकीच्या ओळी होत्या त्यांचं काय झालं, ते विचारू नका.

पॅथॉलॉजीबद्दलही लिहिते, कारण व्हिडिओत तिचं फार कौतुक दिसतं. करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, तपासणीच्या साखळ्यांचे शेअर आभाळाला भिडले होते. दोन वर्षांत त्यातल्या मोठ्या नावांचे भाव निम्म्याखाली आले. तपासणी करणारे काही कमी झाले नव्हते. झालं असं, की घरी येऊन रक्त नेतो म्हणणारे गल्लोगल्ली उगवले. लक्ष्मीनगर ते बजाजनगर चौक एवढ्याशा रस्त्यावर परवा मी सात बोर्ड मोजले, दोघांनी तर 'पन्नास टक्के सूट' लिहिलंय. ज्या धंद्यात एक फ्रिज आणि एक मोटारसायकल घेऊन कुणालाही उतरता येतं, तिथे गिऱ्हाईक वाढलं की दुकानंही तेवढीच वाढतात.

डोकी मोजून बाजार सांगता येतो हा भ्रम फार जुना आहे, शहाण्यासुरत्या माणसांनाही झालेला. अमेरिकेत महायुद्धानंतर, १९४६ ते १९६४ या काळात, मुलं धो धो जन्मली. १९८९ साली ग्रेगरी मॅनकिव आणि डेव्हिड वाइल या अर्थशास्त्रज्ञांनी गणित मांडलं : या मोठ्या पिढीची घरं घेऊन झाली, मागून येणारी पिढी लहान, तेव्हा २००७ पर्यंत महागाई वजा जाता घरांच्या किमती ४७ टक्क्यांनी उतरतील. माणसं मोजण्यात ते चुकले नाहीत, चुकणार कसे, सगळी आधीच जन्मलेली होती. पण २००६ पर्यंत किमती उलट चढल्या. पुढे त्या कोसळल्या, ते बँकांनी वाटेल त्याला दिलेल्या कर्जांपायी.

आणि जपान. तिथे १९९० साली शंभरात बारा जण पासष्टीपुढचे होते, आता एकोणतीस आहेत. तिथल्या ओजी कंपनीने २०२४ साली देशातल्या बाजारासाठी बाळांचे डायपर बनवणं थांबवायचं ठरवलं आणि मोठ्यांच्या डायपरांकडे लक्ष वळवलं. भाकीत याहून खरं ते काय ठरणार? पण डिसेंबर १९८९ मध्ये जपानचा शेअर निर्देशांक ज्या उंचीवर होता, ती उंची पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. चौतीस वर्षं, म्हणजे माझी अख्खी नोकरी. त्याला एकटं म्हातारपण कारण नाही, १९८९ चा फुगाच तसा होता. पण म्हातारे वाढणार हे ठाऊक असलेल्याचाही तिथे काही उपयोग झाला नाही.

मग ओळखायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. मी तुम्हाला काउंटरवर नेते.

नोव्हेंबर महिना, हयातीच्या दाखल्यांची गर्दी. अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका दरवर्षी यायचे. आयुष्यभर लेथवर काम केलेलं, बोटांच्या रेषा पार पुसट. "मॅडम, ही मशीन अंगठाच घेऊन नाही राहिली," म्हणायचे. ओल्या रुमालाने पुसून, दाबून, डावा-उजवा करून पाच-सहा वेळा झाल्यावर कधीतरी हिरवा दिवा लागायचा. पेन्शन एकतीस हजार. त्यातले आठ काढायचे, बाकीचे खात्यातच. ऐकू कमी यायचं, मी ओरडून बोलायचे आणि रांगेतले सगळे आमचं बोलणं ऐकायचे. एकदा म्हटलं, काका, यंत्र घ्या ना कानाला. तर म्हणाले, "आता ऐकून काय करू, बाई?" पुढच्या नोव्हेंबरमध्ये त्यांची लेक हैदराबादहून आली होती. दोन दिवसांत तिने पंचेचाळीस हजारांचं यंत्र घेऊन दिलं आणि विमानात बसली.

गिऱ्हाईक कोण, ते इथे कळतं. ज्याला गरज आहे तो खर्च करत नाही. खर्च करतं ते त्याचं पंचेचाळीस-पन्नास वर्षांचं, लांब राहणारं, मनात थोडी टोचणी असलेलं लेकरू. म्हणून पुण्यात बसून फोनवरून जे आईसाठी विकत घेता येतं ते वाढेल : घरपोच औषधं, बाई, डबा, घरात पाहायला कॅमेरा, न्हाणीघरातले आधाराचे दांडे, जुन्या बंगल्यात बसवायची छोटी लिफ्ट. आईला स्वतः दुकानात जाऊन, स्वतःच्या पैशांनी, स्वतःसाठी घ्यावं लागतं ते सावकाशच वाढेल. भारतात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. त्याच २०२३ च्या अहवालात आहे, की आपल्याकडचे ४० टक्क्यांहून जास्त ज्येष्ठ सर्वांत गरीब स्तरात मोडतात. त्यांच्या गरजा खऱ्या आहेत. पण बिल एकतर सरकार भरणार, नाहीतर कुणीच नाही.

हे सगळं बघायला नागपूरसारखं गाव नाही. १९५६ पर्यंत ही मध्य प्रदेशची राजधानी होती. रेल्वे, महालेखापालांचं ए.जी. ऑफिस, रिझर्व्ह बँक, कोळसा, ऑर्डनन्स फॅक्टरी, पेन्शनरांची इथे कमी नाही, आणि पोरं सगळी पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला. मुंबईच्या विश्लेषकाला जे पाच वर्षांनी आकड्यांत दिसेल, ते तुम्हाला आज खामल्यात आईबाबांच्या अपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर दिसतं. एक रविवार काढा. आईबाबांचे सहा महिन्यांचे खर्च लिहा आणि प्रत्येकापुढे पैसे कुणी दिले ते लिहा. मग शेजारच्या दोन घरांचंही विचारा, लोक हौसेने सांगतात.

पण आजच्या म्हाताऱ्यांवरून वीस वर्षांनंतरच्या म्हाताऱ्यांचा अंदाज बांधू नका. माझ्या काउंटरवरचे काका पगाराच्या निम्म्या पेन्शनवाले, त्यावर महागाई भत्ता. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांसाठी राष्ट्रीय पेन्शन योजना आली. त्यांचे पैसे बाजारात आहेत. मधे नवे पर्याय आले, तरी जुनी योजना जशीच्या तशी परत आलेली नाही. खाजगीतल्या तुमच्यासारख्यांचं तर बोलायलाच नको. ही पिढी २०३५ च्या पुढे निवृत्त होऊ लागली, की साठलेल्या पैशातून महिन्याचा पगार कसा काढायचा हा लाखो घरांचा प्रश्न होणार आहे. वार्षिकी (विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन जन्मभर पेन्शन घेणं), म्युच्युअल फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढणं, मृत्युपत्र, वारसांच्या नावावर शेअर चढवणं, ही कामं वाढतील. रिझर्व्ह बँकेकडे मार्च २०२४ अखेर बँकांतल्या बेवारस ठेवींचे ७८,२१३ कोटी रुपये पडून होते. हा आकडा बघून मला हॉस्पिटलांपेक्षा या कारकुनी कामांचं भविष्य मोठं वाटतं. चुकीची ठरले तर हे कात्रण दाखवायला या, चहा पाजीन.

आता तुमचे सहा लाख. त्यातून आधी आईबाबांचा आरोग्य विमा बघा. २०२४ च्या एप्रिलपासून नवा विमा घ्यायला ६५ ची मर्यादा उरलेली नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. दोघांपैकी कुणी सत्तरीचं झालं असेल तर आयुष्मानचं कार्ड काढा. ते ऑक्टोबर २०२४ च्या शेवटापासून उत्पन्न न बघता मिळतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. उरलेल्यातला बराचसा भाग साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, जाऊ द्या. मोठी हॉस्पिटलं, औषध कंपन्या, विमा कंपन्या त्यात असतातच, वेगळं आमंत्रण लागत नाही. एकाच विषयावरच्या फंडाला किमान ८० टक्के पैसे त्याच विषयात ठेवावे लागतात. म्हणजे विषय महाग झाला आहे हे मॅनेजरला कळलं तरी तो बाहेर पडू शकत नाही. अगदी हात शिवशिवत असतील तर साठ हजार, त्याहून जास्त नाही. आणि वीस वर्षं विसरून जायचं तर मुळीच नाही. वीस वर्षं विसरलेले शेअर मी पाहिले आहेत. मुलांना ते सापडतात, सही जुळत नाही, आणि मग सगळे बँकेत येऊन एकमेकांवर ओरडतात.

प्रश्न : वय ६३, निवृत्त शिक्षिका, लक्ष्मीनगर. बेंगळुरूचा मुलगा म्हणतो, ज्येष्ठांसाठीच्या एका गृहप्रकल्पात ५२ लाखांचा फ्लॅट आत्ताच घेऊन ठेव. आता भाड्याने देऊ, पुढे तू राहा, नाहीतर दुप्पट भावाने विकू. अशा घरांना मागणी वाढणारच म्हणतो. पैसे माझ्या फंडाचे आहेत.

उत्तर : राहायला जाणार असाल तर जरूर बघा. कमाईसाठी घेऊ नका.

अशा प्रकल्पात बहुधा पंचावन्न किंवा साठीपुढच्या माणसालाच राहता येतं, करारातच लिहिलेलं असतं. म्हणजे तुमचा फ्लॅट वारसाने मुलाला मिळेल, पण तो तिथे राहू शकणार नाही, आणि विकायचा तर गिऱ्हाईकही म्हाताराच शोधायचा. चाळिशीतलं जोडपं, जे एरवी फ्लॅटचा भाव चढवतं, ते या बाजारात येतच नाही. वर महिन्याचं सेवाशुल्क, फ्लॅट रिकामा असला तरी. त्यातला मोठा भाग माणसांच्या पगारांचा असतो, त्यामुळे तो दरवर्षी वाढतो. मागणी वाढेल हे तुमच्या मुलाचं म्हणणं खरं आहे. पण मागणी राहणाऱ्यांची वाढेल, आणि ते भाव करायला कसलेले असतात, आपणच बघा ना भाजीवाल्याशी.

माझ्या बहिणीसाठी आम्ही असाच एक प्रकल्प बघायला गेलो होतो. माहितीपत्रकात योगासनं करणारे आजी-आजोबा, कारंजं, ग्रंथालय. मी पर्समध्ये टेप घेऊन गेले होते. न्हाणीघराच्या दाराशी दोन इंचाचा उंबरा, आणि दार इतकं अरुंद की सासूबाईंची चाकाची खुर्ची त्यातून गेलीच नसती. दाखवणारा मुलगा म्हणाला, "आंटी, ते नंतर करून देऊ." गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराने २०२४ साली ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी किमान अटी घातल्या आहेत. त्यात दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद आणि बिनउंबऱ्याची हवीत, फरशी न घसरणारी, लिफ्ट, उतार, सगळं आलं. आधी महारेराचा नोंदणी क्रमांक बघा, मग टेप काढा, मग पैशांचं बोला.

मुलाला एक जुनी गोष्टही सांगा. २००७ च्या अर्थसंकल्पात उलट्या गृहकर्जाची घोषणा झाली. साठीपुढच्या माणसाने घर बँकेकडे तारण ठेवायचं, बँक त्याला दरमहा पैसे देणार, आणि हयात असेपर्यंत तो त्याच घरात राहणार. कागदावर याहून सोयीचं काही नव्हतं. म्हातारे वाढत होते, घरं होती, हातात पैसा नव्हता. नऊ वर्षांत माझ्याकडे चौकशीला बाराएक जण आले असतील. पुढे कुणी गेलं नाही. महालातल्या एक आजी फॉर्म परत सरकवत म्हणाल्या होत्या, "घर पोराचं हाय बाई, मी तं फक्त राखून राहिली." भारतातल्या म्हाताऱ्यांच्या घरांवर कुणी योजना घेऊन आला, की मला या आजी आठवतात.

तुमच्या जुन्या घराला जिने असतील तर बावन्न लाखांतले तीन-चार लाख तळमजल्यावर खोली आणि न्हाणीघर करून घ्यायला लावा. बाकीचे तुमच्याच नावावर राहू द्या.

प्रश्न : मी २७ वर्षांची, हिंगणा रोडला राहते. आई खाजगी दवाखान्यात नर्स होती, तिच्या ओळखी खूप आहेत. म्हाताऱ्या माणसांसाठी बायका पुरवणारा ब्युरो काढावा म्हणते. तीन लाख जमवले आहेत. या धंद्याला पुढे भविष्य आहे का, ताई?

उत्तर : आहे. वरच्या मनीषनगरच्या भाऊंना जो साठ टक्क्यांचा शेअर बाजारात सापडत नाहीये, तो तूच काढायला निघाली आहेस. तुला अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

पण हिशेब मांडून बघ. समज, तुझ्याकडे वीस बायका आहेत. बाईला रोज साडेपाचशे, घरच्यांकडून साडेसहाशे. महिन्याचे साठ हजार तुझे, ऐकायला छान. पण घरचे लोक महिना संपल्यावर पैसे देतात, त्यातले चार जण दहा तारखेनंतर. बायकांना दर आठवड्याला लागतात, त्यांचं घर त्यावर चालतं. वीस बायकांचा आठवडा सत्याहत्तर हजार. चार आठवडे तू खिशातून दिलेस की तीन लाख संपले, आणि अजून फोनचं बिलही भरलेलं नाही. म्हणून आठ बायकांपासून सुरू कर आणि घरच्यांकडून पंधरा दिवसांचे आगाऊ घे. आगाऊ न देणारं घर पुढेही त्रासच देतं, हे बँकवाल्या बाईकडून लिहून घे.

दुसरं, खाडे. सासूबाईंच्या वहीत मी खाड्यांवर लाल फुली करायचे. जूनमध्ये पेरणी, नोव्हेंबरात कापूस वेचायला, मधे दिवाळी. खेड्यातल्या बायका तेव्हा गावी जाणारच, त्यांना शेतात जास्त मिळतं आणि घरही बघावं लागतं. दहामागे दोन बायका राखीव लागतील, त्याही शक्यतो नागपुरातच राहणाऱ्या. ब्युरोचं नाव चांगलं होतं किंवा बुडतं ते याच दिवसांत. आमच्या पहिल्या ब्युरोने दिवाळीच्या पाडव्याला फोन बंद करून ठेवला होता, मी आणि माझी जाऊ, दोघींनी मिळून सासूबाईंना कुशीवर वळवलं. दुसऱ्या दिवशी ब्युरो बदलला. तुझी गिऱ्हाइकंही अशाच एखाद्या पाडव्याला तुझ्याकडे येतील किंवा तुला सोडतील.

बाई काय करेल आणि काय करणार नाही, ते कागदावर लिहून दे. अंग पुसणं, डायपर, भरवणं, फिरवणं हे करेल. इंजेक्शन देणार नाही, घरच्यांची भांडी घासणार नाही. निम्मी भांडणं भांड्यांवरूनच होतात. प्रत्येकीची पोलिस पडताळणी करून घे, आणि दोघी-तिघींना जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्ण सांभाळायचा, कोर्स करायला लाव. त्यांचे रोजचे शंभर-दीडशे जास्त मागता येतात आणि घरचे देतातही. आईला कामाला लाव, पण जाहिरातीत 'नर्सिंग' शब्द टाकण्याआधी त्यासाठी काय नोंदणी लागते ते बघून घे.

प्रश्न : वय ७१, राहणार महाल. बारा लाखांची एफडी आहे. ओळखीचा एजंट म्हणतो, ज्येष्ठांच्या गरजांवर चालणाऱ्या कंपन्यांच्या फंडात टाका, तुमच्याच पिढीवर पैसे कमवा. पत्नी ६८ वर्षांची.

उत्तर : नको. त्या पैशावर तुमचं घर चालतं. एजंटला सरळ विचारा, की यात तुला दरवर्षी किती मिळणार? उत्तर ऐकताना त्याच्या तोंडाकडे बघा.

एफडीची मुदत कधी संपते ते पासबुकात बघा. मधेच मोडली तर बँक साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापते, तेव्हा थोडे दिवस राहिले असतील तर थांबा. मग पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना. मर्यादा तीस लाख आहे, एप्रिल २०२३ पासून व्याज ८.२ टक्के. ज्या दराने खातं उघडाल तोच दर पाच वर्षं राहतो, पुढे तीन वर्षं वाढवता येतं. बारा लाखांवर दर तीन महिन्यांनी २४,६०० रुपये खात्यात येतील. व्याजावर कर लागतो, तो तुमच्या उत्पन्नाप्रमाणे बघून घ्या. खातं पत्नीसोबत संयुक्त उघडा, या योजनेत संयुक्त खातं नवरा-बायकोचंच होतं. पोस्टात जाताना त्यांनाही सोबत न्या. सही त्यांची त्यांना करू द्या, आणि कुठल्या खिडकीवर जायचं ते एकदा बघू द्या. सोमवार टाळा, गर्दी असते.